ट्रकच्या मागच्या दोन दिव्यांचा हेवा

मी दोन बल्बांवर जळले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मध्येच हसलात तर माझं डोकं फिरेल. नवऱ्याचं कुठं काही असतं, कुणी बाईबिई असती, तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण अंगठ्याएवढ्या काचेच्या तुकड्यावर जळायचं म्हणजे सांगणार कुणाला? म्हणून मनातल्या मनात धुमसत राहिले. त्या धुमसण्यात मी जे केलं, ते आज लिहिते.

आमचा ट्रक जुना, सहा चाकी. एरवी त्यात विटा, रेती, भाताची पोती, मिळेल ते जातं. मार्च सरला की वर पाण्याची टाकी चढते आणि जूनपर्यंत त्याचा टँकर होतो. धरणावर टाकी भरायची, मोखाड्याकडच्या पाड्यांवर न्यायची आणि पाड्याच्या विहिरीत ओतायची. बाहेरची माणसं विचारतात, विहिरीत पाणी ओततात का कधी? ओततात बाबा. विहिरी आटतात, मग त्यात टँकरनं पाणी सोडायचं आणि बायकांनी ते दोर-पोहऱ्यानं परत वर ओढायचं. पाणी सोडायचा पाइप टाकीच्या मागच्या बाजूला, म्हणून ट्रक विहिरीच्या तोंडापर्यंत रिव्हर्समध्ये न्यावा लागतो. विहिरींचे कठडे अर्धे पडलेले, जमीन भुसभुशीत. हातभर जास्त मागं गेला की ट्रक विहिरीत, हातभर कमी पडला की पाणी मातीत.

सात वर्षांपूर्वी आमची मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला गेली आणि त्याच महिन्यात आमचा क्लीनर वसईला कंपनीत लागला. दुसरा माणूस मिळेना. नवरा आठ दिवस एकटाच गेला आणि आठव्या दिवशी रिव्हर्स घेताना एकाच्या गोठ्याची कुडाची भिंत पाडून आला. म्हैस वाचली हे नशीब. सासू बाहेर गेलेली बघून मी म्हटलं, "मी येते उद्या." तो म्हणाला, "तू? ट्रकवर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हैस मेली असती तर काय म्हणाले असते?" सकाळी मी केबिनमध्ये चढले.

तेव्हापासून मागं मी. ट्रक पाड्यावर पोचला की मी खाली उतरायची, पदर खोचायची, मागं जाऊन उभी राहायची. तळव्यानं ट्रकच्या अंगावर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक जोरात थाप म्हणजे थांबा. कापा म्हणजे स्टिअरिंग तिकडं फिरवा. शिवाय तोंड चालूच. "येऊ द्या, येऊ द्या, ड्रायव्हर साइड कापा, आणखी कापा, अहो किती ते, सरळ घ्या आता, येऊ द्या, बस्स!" नवरा मान मागं वळवायचा नाही. आरशात बघून तरी काय दिसणार, विहिरींवर झाडांची गर्द सावली आणि मागचे रिव्हर्सचे दिवे इतके मिणमिणते की पेटलेत की नाहीत हे हात लावून बघावं लागायचं. तो माझ्या आवाजावर ट्रक मागं आणायचा. टपरीवर चहा पिताना लोकांना सांगायचा, "मला मागं डोळे आहेत, ते बघा तिकडं बिस्किट खातायत." मी वरवर डोळे वटारायची. आत असं बरं वाटायचं म्हणता!

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेडी आहे. घरात आम्ही नवरा-बायको बोलत नाही. भांडण नाही हो. घरात सासू असते आणि आईच्या देखत बायकोशी बोलत बसायचं नाही ही आमच्या घरातली रीत. नवऱ्याला पाणी हवं असलं तर तो भिंतीकडं बघून म्हणतो, "पाणी मिळेल का?" भिंत काही पाणी आणून देत नाही, मीच देते. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला या माणसाचा आवाज नीट ऐकू आला नव्हता. तो ऐकला केबिनमध्ये. आमचं गाव जामसर सोडलं की त्याचं तोंड सुटायचं. लहानपणी तो आईबापाबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर असायचा, तिथं एकदा हरवला होता, आईबाप कामात, त्यांना पत्ताही नाही, तीन तास एका हमालानं त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर घाटातल्या एका वळणावर कळलं. एका डब्यातलं आम्ही दोघं खायचो. ती केबिन म्हणजे माझा संसार होता. घरातल्या चार भिंतीत मी सून होते, बायको मी ट्रकमध्ये होते.

आणि मग ते बल्ब आले.

मोखाड्याच्या बाजारादिवशी नवऱ्यानं कुणाच्या तरी ट्रकला मागं एलईडी बघितले. झालं! दोन दिवस दुसरा विषय नाही. असा उजेड, तसा उजेड, दुधासारखा, खालचा खडा न् खडा दिसतो. तिसऱ्या दिवशी ट्रक जव्हारच्या नाक्यावर वायरिंगवाल्याच्या दुकानापुढं उभा. वायरिंगवाल्यानं मागच्या दिव्यांच्या काचा काढल्या, गंजलेले होल्डर उपटले, नवे बसवले आणि त्यात ते चपट्या बुडाचे बल्ब खोचले. एक पेटला, एक पेटेना. त्यानं न पेटलेला काढला, फिरवून उलट्या बाजूनं खोचला, लगेच पेटला. मला म्हणाला, "वहिनी, जुना बल्ब कसाही लावा, पेटतो. याला मात्र सुलटी बाजू लागते. उलटा बसला तर मेल्यासारखा पडून राहतो." मी मान डोलावली. विचारलंही नव्हतं, पण हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

नवऱ्यानं तिथंच पाच वेळा रिव्हर्स गिअर टाकला. दर वेळी खाली उतरून मागं जाऊन बघून यायचा. "बघ गं, बघ कसला उजेड!" दिवाळीला मी नवं लुगडं नेसून त्याच्यापुढून दहा फेऱ्या मारल्या होत्या, तेव्हा हा माणूस रेडिओचे सेल बदलत बसला होता. मी म्हटलं, "बघितला." तो म्हणाला, "आता तुला उतरायला नको. आरशात सगळं लख्ख दिसतं. बस तू आरामात." माझे गुडघे दुखतात म्हणून तो हे मायेनंच म्हणाला, एवढं मला कळत होतं. कळूनही मी त्या दिव्यांकडं पाठ फिरवून केबिनमध्ये चढले.

पुढचे आठ दिवस मी केबिनमध्ये पोत्यासारखी बसून होते. विहीर आली की नवरा रिव्हर्स टाकायचा, मागं पांढरा झोत पडायचा, आरशात एकदा इकडं, एकदा तिकडं, की ट्रक विहिरीला लागलेला. एकदाही चुकला नाही. चुकला असता तर मी बिचाऱ्याला माफ केलं असतं! पाड्यावरच्या बायका पण चटकन शिकल्या. उजेड पडला की आपापले हंडे उचलून दोन्ही बाजूंना व्हायच्या, उजेड विझला की पुढं यायच्या. मला कुणी विचारलं नाही की बाय, तू का उतरत नाहीस. सकाळी निघायच्या आधी नवरा त्या काचा पुसायचा, आणि कशानं, तर स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं. त्या टॉवेलला मी एकदा भाजीचे हात पुसले होते तर दिवसभर तोंड फुगवून बसला होता. मी दारातून बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. सवत आणली होती त्यानं. एक नाही, दोन.

हेही मी गिळलं असतं. पण नवव्या दिवशी, धरणावर टाकी भरत असताना तो म्हणाला, "आईला आता नागली-भाताची पोती उचलवत नाहीत. तू घरी राहिलीस तरी चालेल की. इथं तसं काही काम नाही राहिलं तुला."

काम नाही राहिलं!  तो पाण्याच्या धारेकडं बघत होता, जणू काही विशेष बोललाच नाही. माझ्या डोळ्यापुढं उरलेलं आयुष्य आलं. चूल, नागली, सासू, आणि संध्याकाळी भिंतीकडं बघून, पाणी मिळेल का. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी पान्यांच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. एका काचेला दोन स्क्रू. बल्ब ओढला, फिरवला, उलटा खोचला, काच लावली. दुसरा तसाच. खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली. उलट असा आनंद झाला की बस. वायरिंगवाल्याकडं न्यायची वेळ आली तर आदल्या दिवशी सुलटे करून ठेवीन, हेही ठरवून टाकलं होतं. एवढं डोकं मी शाळेत चालवलं असतं तर आज कुठल्या तरी ऑफिसात खुर्चीवर असते.

त्या दिवशी विहिरीवर रिव्हर्स पडला, उजेड नाही. नवऱ्यानं गिअर काढला, घातला, पुन्हा काढला. खाली उतरून काचांवर टिचक्या मारल्या. "एवढ्यात गेले? दोन्ही?" त्याचा चेहरा असा पडला की मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "चिनी माल असेल." तो हळूच म्हणाला, "उतरतेस का जरा?" मी उतरले. अशी उतरले की गुडघे आहेत हेच विसरले. पदर खोचला, दोन थापा मारल्या आणि आठ दिवसांचं साचलेलं सगळं ओरडून काढलं, "येऊ द्या, येऊ द्या, ड्रायव्हर साइड कापा!" परत येताना तो बोलत होता, मी ऐकत होते, करवंदं खात होते. दोन दिवस माझे राणीसारखे गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची शेवटची फेरी होती. धरणावर रांग लागल्यानं उशीर झाला. पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता, माणसाचा आकार दिसावा पण तोंड ओळखू येऊ नये एवढाच उजेड. बायका दुपारपासून बसलेल्या. ट्रक बघून सगळ्या उठल्या, हंडे-कळशांचा एकच खणखणाट. मी नेहमीच्या जागी, ड्रायव्हर साइडच्या मागच्या चाकाशी उभी राहिले. दोन थापा दिल्या, ओरडायला लागले. ट्रक हलला.

मला पलीकडची बाजू दिसत नव्हती. पलीकडच्या बाजूला एक बाई हंडा खाली ठेवून वाकली होती. तिचा दोर सुटून पडला होता, तो ती गोळा करत होती. मी ओरडत होते, पण त्या खणखणाटात एक माझाच आवाज होता का? आणि आठ दिवसांत त्या बायकांनी माझ्या आवाजाकडं लक्ष देणं सोडून दिलं होतं. त्यांना एवढंच माहीत, पांढरा उजेड पडला की ट्रक मागं येतो. उजेड नव्हता, म्हणजे ट्रक उभा आहे, असं ती बाई समजली.

कुणीतरी किंचाळलं. मी एक थाप मारली, अशी मारली की मनगट सुजलं. ट्रक जागच्या जागी थांबला. मी पलीकडं धावले. हंडा चाकाखाली भाकरीसारखा चपटा झाला होता. बाई त्याच्यापासून वीतभर लांब जमिनीवर बसली होती, दुसऱ्या एकीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं होतं. तिला खरचटलं सुद्धा नव्हतं. दोर तसाच हातात. ती माझ्याकडं बघून रागावली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बाय, तो उजेड कुठं गेला? उजेड पडला की आम्ही बाजूला होतो ना गं."

 इतके दिवस मी समजत होते तो उजेड माझ्या नवऱ्यासाठी आहे, माझी जागा घ्यायला आणलाय. ट्रकच्या मागं उभ्या असलेल्या या बायकांचा मी विचारच केला नव्हता. मी, जी सात वर्षं रोज मागंच उभी होते!

नवरा उतरून आला होता. तो त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारत होता, "लागलं नाही ना? बाय, लागलं नाही ना?"  मी गुपचूप राहू शकले असते. कुणाला काही कळलं नसतं. पण माझ्यानं राहवेना. मी केबिनमधून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि सगळ्यांच्या देखत काच काढली. बल्ब ओढला, फिरवला, खोचला. दुसरा पण. नवरा बघत होता. मी त्याला म्हटलं, "जावा, रिव्हर्स टाका." तो गेला. दोन्ही दिवे भक्कन पेटले. पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. बायका सवयीनं दोन्ही बाजूंना झाल्या आणि त्या उजेडात मी एकटी उभी राहिले, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

पाणी सोडून झालं. आमच्या घरातला नवा हंडा उद्या आणून देते असं मी त्या बाईला सांगितलं आणि केबिनमध्ये येऊन बसले. ट्रक निघाला. घाट अर्धा उतरला तरी तो गप्प. मी मनाशी म्हटलं, गेलं. घरातलं गप्प बसणं इथंही आलं, आणि आणलं मीच. बल्बांनी नाही.

मग तो म्हणाला, "तू रोज तिथंच उभी राहायचीस?"

मला वाटलं होतं तो विचारेल, का केलंस. मी म्हटलं, "कुठं?"

"चाकाच्या एवढं जवळ. मागं विहीर, पुढं चाक. आज दिवे पेटले तेव्हा आरशात दिसलीस. सात वर्षं तू तिथं उभी राहून मला येऊ द्या म्हणत होतीस आणि मी येत होतो."  मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी ओरडूनच म्हटलं, "मग आणखी कुठं उभी राहू? तुम्ही घरात माझ्याशी बोलता का कधी? मला घरी बसवायला निघालात! त्या बल्बांशी बोला, त्यांना पुसत बसा!" सगळं बाहेर पडलं. लुगडं, टॉवेल, भिंत, सगळं.  जामसर आलं.

घरी सासूनं जेवण वाढलं. मी चुलीजवळ, तो भिंतीशी, रोजच्यासारखे. दोन घास खाल्ले आणि तो मान वर करून सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "उद्या सहाला निघायचंय. लवकर आटप. आणि आता चाकाजवळ उभी राहिलीस तर याद राख. लांबून ओरड, दिवे आहेत, मला दिसतेस." आईच्या देखत! मला ठसका लागला. त्यानं स्वतः पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि हात धुवायला बाहेर गेला.

सासूचा भाकरी थापायचा हात थांबला होता. आता ही मला बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. मग हळूच वर बघितलं. ती माझ्याकडं बघत होती आणि त्या बघण्यात जे होतं ते मी बरोबर ओळखलं. गेले दोन आठवडे मी तेच पोटात घेऊन फिरत होते. ती म्हणाली, "तुझा सासरा बैलगाडीत पुढं बसायचा. मी गाडीच्या मागून चालत जायची. मोखाड्यापर्यंत." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

 तोंडातून निघून गेलं, "आई, उद्या चला की ट्रकमध्ये." निघून गेलं आणि लगेच जीभ चावली. आता ती नको म्हणेल, म्हातारी माणसं नको म्हणतात, अशी मला आशा होती. ती म्हणाली, "किती वाजता म्हणाला?"

सकाळी सहाला मी अंगण झाडून आले तर सासू केबिनमध्ये चढून बसलेली. धुवट लुगडं, केसांना तेल, हातात सुपारीची पिशवी. खिडकीशी. सात वर्षं जिथं मी बसले, तिथं. नवरा तिला म्हणत होता, "आई, घाटात वारं लागेल, डोक्यावरून पदर घे." मी मधल्या जागेवर, इंजिनाच्या गरम पत्र्याला पाय चिकटवून बसले. सासू जामसरपासून बोलायला लागली ती थांबेना, आणि तो माझ्यावरून वाकून वाकून तिच्याशी बोलत होता, कधी न सांगितलेलं काय काय तिला सांगत होता. भट्टीवर हरवल्याची ती गोष्टसुद्धा. ती माझी गोष्ट होती. मोखाडा येईपर्यंत माझा जीव नुसता जळत होता. पण तिला खिडकीतून उठ असं मी म्हटलं नाही.